टॉवेलाखालचा भाव

…आणि वर मलाच म्हणतात, "मधु सर, तुम्ही मराठी शिकवता, तुम्हाला व्यवहारातलं काय कळणार." नाही कळत, मान्य आहे, कळत असतं तर इतकी वर्षं बोरजाईवाडीच्या हायस्कुलात अर्ध्या अनुदानावर कविता शिकवत बसलो असतो का? पण तुम्हाला सांगतो, शिक्षक नेमायचा कसा, टिकवायचा कसा आणि त्याच्या हातावर ठेवायचं किती, यावर आमच्या संस्थेत जेवढी भाषणं झाली तेवढी कुठं झाली नसतील, आणि शेवटी प्रश्न सोडवला कुणी, तर एका टॉवेलानं. साधा टॉवेल, नाथाजीअण्णांच्या खांद्यावरचा, ज्याचा मूळचा रंग कुठला ते साळूबाईंनाही सांगता यायचं नाही. साळूबाई म्हणजे अण्णांच्या मंडळी, तो टॉवेल धुणाऱ्या.

आता तुम्ही म्हणाल, टॉवेलाचा आणि शाळेचा काय संबंध. सांगतो ना.

बोरजाईवाडी म्हणजे म्हसवडहून फाट्याला उतरायचं आणि आत चालत सुटायचं. एसटी येते, दुपारची एक, तीही आली तर. तर आमचे गणिताचे सर निवृत्त झाले. छान सत्कार झाला, शाल, श्रीफळ, सगळं. जागा मंजूर आहे, कागदोपत्री जागा रिकामी आहे, वरून माणूस येणार आहे, आणि वरून काय येतं? पत्र येतं, की माणूस येणार आहे. मग अध्यक्ष म्हणाले, तोवर आपण आपला नेमू, मानधनावर. अध्यक्ष म्हणजे वीरधवलदादा. फाट्यावर पेट्रोल पंप आहे त्यांचा. माणूस वाईट नाही हं, पोरांना वह्या वाटतो, शाळेला पत्रे घातले, फक्त पगार हा शब्द निघाला की त्यांना ठसका लागतो. त्यांनी पेपरात जाहिरात दिली, "ध्येयवादी शिक्षक पाहिजे." ध्येयवादी म्हणजे काय, तर किती देणार ते विचारायचं नाही. मीही असाच ध्येयवादी म्हणून लागलो होतो. विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.

आणि माणसं यायची की. एक आला, तिसऱ्या दिवशी गेला, जेवणाचा डबा तेवढा राहिला इथं. एक आला, फार हुशार, त्याला पुण्याच्या क्लासवाल्यांनी फोनवरच उचलला, वर्गात भागाकार चालू होता, बाकी काढायची राहिली ती राहिलीच. एक तर फाट्यावरून चालत येताना मध्येच उभा राहिला, चारी बाजूंना बघितलं आणि त्याच पावली परत गेला, आम्ही गेटात हार घेऊन उभे. दरवेळी दादा म्हणायचे, "आजकाल ध्येयवाद राहिला नाही हो सर." मी म्हणायचो, नाही राहिला. काय बोलणार?

या सगळ्यात जीव कुणाचा टांगणीला, तर नाथाजीअण्णांचा. त्यांची नात पूजा नववीत. पोरगी चुणचुणीत, मिरजेला नर्सिंगला जायचं म्हणते. एकदा आजीला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात गेली होती, तिथल्या सिस्टर बघून आली, तेव्हापासून घरातल्या शेळीलाही ताप आहे का बघते. पण गणितात अडली. अडली म्हणजे पार रुतली. बाप फौजेत, तिकडून फोनवर म्हणतो, "आण्णा, धाव्वीत गेली गणितात, तर म्होरं कोन घेनार तिला? मग सोयरीकच बघावी लागंल." अण्णा फोन ठेवायचे आणि गप्प बसायचे. तुम्हाला सांगतो, हा माणूस उभ्या जन्मात गप्प बसलेला मी पाहिला नव्हता. माणदेशात खिल्लार खोंड घ्यायचा म्हटलं की लोक आधी अण्णांना गाडीवर बसवून नेतात. अण्णांनी हो म्हटलं की घ्यायचा.

तर संस्थेच्या सभेत अण्णा उठले. सभासद आहेत ते, जागा त्यांच्या वडिलांनीच दिली होती शाळेला. म्हणाले, "आवं दादा, बैल घेताना आपन दात बगतो, खूर बगतो, चार पावलं चालवून बगतो. आन मास्तर घेताना निस्ता कागद बगता. मग त्यो पळंल न्हाईतर काय करंल? येक डाव मला बगू द्या." दादा म्हणाले, "अहो अण्णा, शिक्षक म्हणजे बैल आहे का?" अण्णा म्हणाले, "न्हाई ना. बैलाला येळेवर वैरन तरी मिळती."

यावर कुणी हसलं नाही. मी हसणार होतो, पण मी कर्मचारी.

मग ठरलं की उमेदवारांनी वर्गात पाठ घ्यायचा आणि अण्णांनी मागं बसून बघायचं. मी आपलं हळूच सांगितलं, "अण्णा, दात बघायचे नाहीत हं." म्हणाले, "खुळं का काय तुमी सर." पण तुम्हाला सांगतो, पहिला उमेदवार आला त्याच्या चपला बघितल्या यांनी. नव्याकोऱ्या. मला म्हणतात, "ह्येला चालायची सवं न्हाई." दुसरा आला, विषयात पक्का, पण फळ्याकडं तोंड करून जो लिहीत सुटला तो लिहीतच सुटला, पोरांना त्याची फक्त पाठ. अण्णा कानात म्हणाले, "उलटा जुपलाय." आणि तिसरी आली ती दीपमाला.

आटपाडीकडची पोरगी. सांगलीला शिकलेली, गणितात एम.एस्सी., बी.एड. बारीक चण, आवाज बेताचा. उभी राहिली आणि म्हणाली, काहीही विचारा. आमची पूजा उठली. "मॅडम, ऋण गुणिले ऋण धन का होतं?" आता हा प्रश्न मलाही लहानपणापासून आहे. मी निवृत्त सरांना एकदा विचारला होता, ते म्हणाले, "होतं." तर ही बाई म्हणाली, "मला आधी सांग, तुमच्या घरात पाणी कुठून येतं?" "ट्यांकरनं." "टाकीला भोक पडलंय, रोज पाणी कमी होतंय. मग तीन दिवसांपूर्वी टाकीत पाणी आजच्यापेक्षा जास्त होतं का कमी?" "जास्त." "का?" आणि मग जो काही गलका झाला वर्गात, कमी होणारं पाणी, मागं जाणारे दिवस, कुणी म्हणतंय भोक बुजवा, कुणी म्हणतंय आमच्या टाकीत साप होता… आणि त्या गलक्यात पूजा एकदम म्हणाली, "म्हंजे मागं गेलं की वाढतं." बस. मराठीच्या शिक्षकालाही समजलं. म्हणजे तेवढ्यापुरतं.

अण्णांना काही समजलं नाही. ते मला नंतर शाळेच्या गेटात म्हणाले, "सर, येक बगितलं का? एसटी आलती."

"मग?"

"पोरांनी बगितलं न्हाई."

आणि तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला माझ्या. कारण आमच्या शाळेत एसटी आली की वर्ग खिडकीला लागतो, ही परंपरा आहे. मी इतकी वर्षं शिकवतोय, कितीही करुण कविता असू दे, एसटी आली की करुणा संपली. त्या दिवशी एसटी आली, हॉर्न दिला, धूळ उडवली, वळली, गेली. एक मान फिरली नाही. अण्णा म्हणाले, "हीच."

आता मुख्य भाग. मुलाखत. दादा मधल्या खुर्चीत, मी कडेला, अण्णा दाराजवळ. दादांनी शिक्षणाच्या पवित्र कार्यावर बोलून घेतलं, पंपाचा फोन आला तो घेतला, पुन्हा पवित्र कार्यावर आले, आणि म्हणाले, "तर मॅडम, पैशाचं काय, सेवा महत्त्वाची. तुमची अपेक्षा काय?" आता इथं माणूस काय म्हणतो? मी काय म्हणालो होतो? "आपण द्याल ते." ही बाई म्हणाली, "सेवा मी करीनच सर. भाव बोला."

दादांना ठसका लागला. पाणी दिलं. मग दादा म्हणाले, "असं उघड सगळ्यांसमोर कसं बोलायचं मॅडम?" तशी ती अण्णांकडं वळली. म्हणाली, "आण्णा, खांद्यावरचा टॉवेल द्या."

तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, आमच्याकडं जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं हातात हात द्यायचे, वरून टॉवेल टाकायचा आणि आतल्या आत बोटं दाबून सौदा करायचा. चारचौघं भोवती उभे असतात, पण कळत कुणालाच काही नाही. आणि ठरलेला भाव नंतर कुणी कुणाला सांगायचा नाही. टॉवेलाखालचं टॉवेलाखाली. हा कायदा. हे बायकांनी करायचं काम नाही असं म्हणतात, पण दीपमालाचा बाप निघाला हेडी, म्हणजे जनावरांच्या सौद्यातला दलाल, खरसुंडीच्या यात्रेत उभा राहणारा. पोरगी म्हणाली, "मी आठवीत असताना बापानं शिकवलं. तुमी मला बापासारकं." अण्णांनी दादांकडं बघितलं. दादांनी अण्णांना आधीच कानात आकडा सांगून ठेवलेला होता, याच्या वर जायचं नाही म्हणून, त्यामुळे त्यांनी मोठ्या मनानं मान हलवली.

पडला टॉवेल.

मी तुम्हाला काय सांगू, मी नाटकं पाहिली आहेत, पण असं काही नाही. दोघांच्या तोंडावरची माशी हलेना. टॉवेल मात्र हलतोय. अण्णांच्या मिशीला जरा कंप सुटला. मग कान लाल. मग अण्णा म्हणाले, "लय होतंय पोरी." ती म्हणाली, "जनावर बगून बोला." पुन्हा टॉवेल हलला. अण्णांनी एकदा हात सोडल्यासारखं केलं, ती उठल्यासारखी झाली, लगेच अण्णांनी हात धरला. आणि मग बराच वेळ काहीच हललं नाही. मला वाटतं त्या वेळात अण्णांच्या डोळ्यांसमोर पूजा होती, टाकीतलं पाणी होतं, ती धूळ उडवत गेलेली एसटी होती. मग म्हणाले, "ठरलं."

दादा म्हणाले, "किती?"

अण्णा म्हणाले, "टॉवेलाखालचं टॉवेलाखाली. तुमी सांगितल्याला आकडा माज्याकडं देत जावा. सौदा मी केलाय, मी पोचवतो."

दादा खूश. आपला आकडा ओलांडला नाही आणि वर ठसक्याचं कारणच मिटलं. त्यांनी मला टाळी दिली.

बाई रुजू झाल्या. साळूबाईंच्या शेजारच्या खोलीत राहिल्या. आणि शाळा बदलली हो. पोरं मधल्या सुट्टीत टाक्या भरायला लागली आणि रिकाम्या करायला लागली. पूजा चाचणीत पास झाली, मग सहामाहीत जरा बरी पास झाली, बापानं फौजेतून पेढ्यांचे पैसे पाठवले. शेजारच्या गावच्या संस्थेनं बाईंना निरोप धाडला, आमच्याकडं या. बाई गेल्या नाहीत. मग काय, आमच्या गावाची छाती फुगली. प्रजासत्ताक दिनाला दादा बोलायला उभे राहिले, "माणूस पैशानं टिकत नाही, प्रेमानं टिकतो. दीपमाला मॅडम बघा. अल्प मानधनात, केवळ या मातीच्या ओढीनं…" अरे, ती माती त्यांची नव्हतीच, त्या आटपाडीच्या. पण टाळ्या. मी बाईंकडं बघितलं, त्या खाली मान घालून बसलेल्या. मला वाटलं लाजतायत. अण्णांकडं बघितलं, तर ते टॉवेलानं तोंड पुसतायत. थंडीत.

आणि खरं सांगतो, मला त्याआधीच कळायला पाहिजे होतं. म्हसवडच्या यात्रेत मला अण्णा दिसले होते, हातात खोंडाचा कासरा. घरचा खोंड, अण्णांनी हातावर वाढवलेला, त्याला अंघोळ घालताना अण्णा गाणी म्हणायचे. म्हटलं, "अण्णा, हा प्रदर्शनात उभा करायचा होता ना?" म्हणाले, "वैरन परवडंना सर." आता त्या साली आमच्याकडं कधी नव्हे ते कडब्याच्या गंजी घरापेक्षा उंच. पण मी मराठीचा शिक्षक, मी म्हटलं, खरंच, महागाई फार. घरी येऊन जेवलोसुद्धा.

मग आली उन्हाळ्याच्या तोंडची सभा. दादा उठले, "मंडळी, सुट्टीत दोन महिने शाळा बंद. तर मॅडमचं दोन महिन्यांचं मानधन वाचवता येईल. आणि एक मनात आलं, की मॅडम इतक्या सेवाभावी आहेत, तर पुढल्या वर्षी आकडाही थोडा खाली आणायला त्यांची हरकत नसावी. गावाच्या प्रेमात आहेत त्या." आणि तुम्हाला सांगतो, माना हलल्या. सगळ्यांच्या. माझीही हलली असेल, सवयीनं.

अण्णा म्हणाले, "सुट्टीत बैल दावनीला असतो, तवा वैरन घालत न्हाई व्हय तुमी?"

"अण्णा, दरवेळी बैल कशाला मध्ये?"

"बरं, बैल ऱ्हायला. बाई जातील."

"जात नाहीत हो. प्रेम आहे."

आता काय करतील अण्णा? पूजाची दहावी तोंडावर. खरं सांगावं, तर टॉवेलाखालचा भाव तोंडानं बोलायचा म्हणजे साऱ्या माणदेशाच्या बाजारात मान खाली. अण्णांनी आयुष्यात दुसरं कमावलं काय होतं? एक शब्द. न सांगावं, तर बाई आटपाडीला, नात बोहल्यावर, आणि बैल गेल्यावर आम्ही झोपा करायला मोकळे. मग सरळ दादांच्या खुर्चीजवळ गेले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि म्हणाले, "हात द्या दादा."

"काय?"

"द्या वं हात."

दादांनी दिला. टॉवेल पडला. अण्णांनी आधी आत काहीतरी दाबलं, दादांनी मान हलवली, म्हणजे तो त्यांचा स्वतःचा आकडा असणार. मग अण्णांनी दुसरं काहीतरी दाबलं. दादांची मान थांबली. डोळे टॉवेलावर. अण्णांनी पुन्हा दाबलं, समजलं नसेल तर म्हणून. मग हात सोडला आणि पुढच्या सभासदाकडं गेले. एकेकाचा हात, एकेकाला टॉवेल. ज्याचं झालं तो आपल्या पंज्याकडं बघत बसे. शेवटी माझ्याकडं आले. म्हटलं, अण्णा, मी कर्मचारी. म्हणाले, "बोटं हायत ना?"

मला कळला तो भाव. सांगणार नाही, टॉवेलाखालचं टॉवेलाखाली. पण वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू. बाईंना एवढं मिळतं म्हणून नाही. माझ्या मुलाखतीत मीही असं विचारू शकलो असतो, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, म्हणून. मग अण्णांनी संस्थेचा आकडा दाबला, आणि राहिलेली बोटं, म्हणजे वरचा फरक, स्वतःच्या छातीशी नेली. तेव्हा मला तो खोंड दिसला, कासरा दिसला आणि कडब्याच्या गंजी दिसल्या.

अण्णा मधोमध उभे राहिले. म्हणाले, "म्या तोंडानं कायबी बोललो न्हाई."

दादा बराच वेळ पाणी पीत होते. मग म्हणाले, "अण्णा, खोंड केवढ्याला गेला?" अण्णा म्हणाले, "त्येबी टॉवेलाखाली ग्येलं." आणि तुम्हाला सांगतो, दादा उठले, स्वतः अण्णांना खुर्ची दिली. माणूस वाईट नाही म्हटलं ना मी. त्या सभेत ठरलं की पूर्ण भाव संस्था देणार, सुट्टीतलाही देणार, आणि अण्णांनी फक्त टॉवेल सांभाळायचा. इतिवृत्त मी लिहिलं. दादा सांगतील तसं. "मॅडमच्या सेवाभावी वृत्तीचे सर्वानुमते कौतुक करण्यात आले." भाषणंही तीच चालू आहेत, प्रेम, माती, ओढ. फक्त आता दादा बोलताना मध्येच आपल्या बोटांकडं बघतात.

पूजा दहावी झाली. गणितात मार्क बरे पडले. अकरावीला गेली, साळूबाईंचा ताप रोज मोजते, त्यांना ताप नसतो तरी. आणि जूनमध्ये दीपमाला मॅडम ऑफिसात आल्या, अण्णा टॉवेल काढायला लागले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आण्णा, ह्या वर्सी मी माझा आनलाय." निळा, नवा, म्हसवडच्या बाजारातला. वाढवून घेतला हो त्यांनी भाव. टिकल्या.

आणि मी? मी म्हटलं, मधु, आता नाही तर कधी. गेलो बाजारात, घेतला एक टॉवेल, पांढरा, चांगला जाड. उन्हात फाट्यावर गेलो, पंपावर, दादांच्या केबिनमध्ये. दादा घामाघूम. मी समोर उभा राहिलो, तोंडातून शब्द नाही, पण शब्द लागतात कुठं आता? उजवा हात पुढं केला आणि वर टॉवेल टाकला.

दादांनी टॉवेलाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या. "सर," म्हणाले, "किती जाणता तुम्ही माणसाचं. याला म्हणतात ध्येयवादी माणूस." आणि टॉवेल उचलला, तोंड पुसलं, मान पुसली, घडी घालून माझ्या हातावर परत ठेवला.

धुऊन वापरतोय. टॉवेल चांगला आहे.